पहिला नंबर कोणाचा?

दहापैकी ९ फ्री-थ्रो टाकणारा मुलगा चांगला, की शंभरपैकी ७८ टाकणारा? हा प्रश्न मेसमध्ये जेवताना कोणालाही विचारून बघा. कॅल्क्युलेटरवाले म्हणतील, पहिला. कारण ९० टक्के केव्हाही ७८ पेक्षा जास्त. थोडे खेळलेले म्हणतील, दुसरा. आता या दोघांच्या शेजारी तिसरा मुलगा उभा करा. याला कोणीच खेळताना बघितलेलं नाही, एकसुद्धा शॉट नोंदलेला नाही. याला कितवा नंबर द्यायचा? इथे मात्र सगळ्यांचं एकमत होतं. त्याला तळाला टाकतात, किंवा यादीतच घेत नाहीत. हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या मुलासाठी लिहितो आहे.

आमच्या कोलशेतच्या होस्टेलवर गेली दोन वर्षं एक काल्पनिक बास्केटबॉल लीग चालते. ज्यांना ती ठाऊक नाही (म्हणजे बहुधा स्टाफ आणि पहिल्या मजल्यावरचे अभ्यासू लोक) त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘बास्केटबॉल जीएम’ नावाचा एक फुकट खेळ ब्राउझरवर चालतो. त्यात बॉल, उड्या, ग्राफिक्स काही नाही. नुसते तक्ते. तुम्ही संघाचे मॅनेजर. खेळाडू घ्यायचे, पगार द्यायचे, अदलाबदल करायची; मॅच कॉम्प्युटर खेळवतो आणि स्कोअर सांगतो. लीगमध्ये ३० संघ. त्यातले ८ आमच्या आठ खोल्यांचे, बाकीचे कॉम्प्युटरचे. सगळं एकाच लॅपटॉपवर, रात्री जेवणानंतर. पैसे लावत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि मुंबईच्या ड्रीम-११ ने सुद्धा पैशाच्या स्पर्धा बंद केल्या, त्याच्या आधीपासून आमच्याकडे नियम एवढाच आहे की आठांत जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना कटिंग पाजायचा.

सीझन संपला की ड्राफ्ट येतो. ही पद्धत अमेरिकेतल्या एनबीएची. लिलाव नाही, बोली नाही. नवीन पोरांची एक यादी असते, संघ ओळीने येतात आणि एकेक नाव उचलतात. जो संघ वाईट खेळला त्याला साधारणपणे आधी संधी. दोन फेऱ्या, ३० संघ, म्हणजे ६० नावं. आमच्या खेळात प्रत्येक पोरासमोर दोन आकडे दिसतात: आज तो किती चांगला आहे, आणि पुढे किती होईल. आता गंमत अशी की हे दोन्ही आकडे धूसर असतात. खेळ मुद्दाम त्यात थोडी चूक मिसळतो. स्काउटिंगवर जास्त खर्च केलात तर धूसरता कमी, कंजुषी केलीत तर जास्त. म्हणजे समोर ५२ दिसत असेल तर खरा आकडा ४७ असू शकेल, ५६ ही असू शकेल. ज्याने हा खेळ लिहिला त्याला मी मानतो, कारण सगळ्या खेळाडू-निवडीचं दुखणं त्याने या एका गोष्टीत पकडलं आहे. आपल्याला गुण दिसत नाही. गुण अधिक नशीब, असं मिश्रण दिसतं.

हे फक्त कॉम्प्युटरमध्ये होतं असं नाही. आपल्याकडचं एक उदाहरण घ्या. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला, पण १९ वर्षांखालच्या पोरांचा मात्र ड्राफ्ट झाला. त्याच मार्च महिन्यात क्वालालंपूरला भारताने १९ वर्षांखालचा वर्ल्ड कप जिंकला होता, त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्या टीमवर. त्या स्पर्धेत सर्वात जास्त रन कोणाचे होते? विराट कोहलीचे नाहीत. तन्मय श्रीवास्तवचे, २६२. कप्तान कोहलीचे २३५. नुसत्या आकड्यांवर यादी लावणाऱ्याने तन्मयला वर ठेवलं असतं, आणि त्याला हसण्याचा आपल्याला अधिकार नाही, कारण त्या दिवशी हातात तेवढंच होतं. पण २७ रनचा फरक म्हणजे काय? सहा मॅचमध्ये एक बरी इनिंग. एखादा कॅच सुटला, एखादा एलबीडब्ल्यू दिला गेला नाही, की संपला फरक. सहा मॅचवरून या दोघांत वर कोण, खाली कोण हे ठरवणं म्हणजे एका युनिट टेस्टवरून बीईचा क्लास सांगण्यासारखं आहे.

याच ड्राफ्टची दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. दिल्लीच्या संघाला त्यांच्याच गावचा कोहली घेता येत होता. त्यांनी प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान बॉलर घेतला. कोहली बंगळूरला गेला. कारण साधं होतं. दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स होते. बॅट्समन घेऊन ठेवायचा कुठे? यावर पुढे परत येतो. आधी गणित.

आपल्या तीन मुलांकडे वळू. समजा कॉलेजमधल्या सगळ्या खेळणाऱ्यांची फ्री-थ्रोची सरासरी ६० टक्के आहे. आता प्रत्येक मुलाच्या खात्यात आपण आधीच २० काल्पनिक शॉट जमा करू, आणि ते सरासरीच्या दराने पडले असं धरू. म्हणजे २० पैकी १२. त्यावर त्याचे स्वतःचे खरे शॉट मिळवायचे आणि मग टक्केवारी काढायची. सूत्र असं:

अंदाज = (पडलेले शॉट + १२) ÷ (मारलेले शॉट + २०)

पहिला मुलगा, १० पैकी ९: (९ + १२) ÷ ३० = ७० टक्के.
दुसरा, १०० पैकी ७८: (७८ + १२) ÷ १२० = ७५ टक्के.
तिसरा, शून्य पैकी शून्य: १२ ÷ २० = ६० टक्के.
आणि आणखी एक चौथा घेऊ, जो १०० पैकी ५० टाकतो: (५० + १२) ÷ १२० = ५१.७ टक्के.

नंबर लावा. दुसरा, पहिला, तिसरा, चौथा. ज्याला आपण कधी बघितलंच नाही तो तळाला नाही. ज्याला भरपूर बघितलं आणि जो कच्चा आहे हे नीट कळलेलं आहे, तो तळाला आहे. पुन्हा वाचा, कारण एम-फोरच्या सॅम्पलिंगच्या चॅप्टरमध्ये हे कोणी या शब्दांत सांगत नाही. माहिती नसणं म्हणजे शून्य नव्हे. माहिती नसणं म्हणजे सरासरी.

आता कोणीतरी उठून विचारेल (टीईचे लोक नक्की विचारतील, व्हायवाची सवय), की २० च का? ५ का नाही, १०० का नाही? बरोबर प्रश्न आहे. हा आकडा मनाने घ्यायचा नसतो. मुलांच्या खऱ्या कौशल्यात आपापसात किती फरक आहे यावर तो ठरतो. सरासरीला म म्हणा, खऱ्या कौशल्याच्या प्रमाण विचलनाला स म्हणा. मग काल्पनिक शॉटची संख्या म(१ − म) ÷ स² वजा १ इतकी येते. म = ०.६ आणि स = ०.१०७ घातलं की २० मिळतात. म्हणजे आपण असं मानलं की पोरापोरांत साधारण १०-११ टक्क्यांचा खरा फरक आहे. जिथे सगळे जवळपास सारखेच असतात तिथे हा आकडा वाढवा, कारण दिसणारा फरक बहुतेक नशिबाचाच असणार. जिथे एक उस्ताद आणि एक अगदी नवशिका असे एकत्र आहेत तिथे कमी करा.

याची दुसरी बाजूही बघून ठेवा. ६० टक्केवाल्या मुलाने २० शॉट मारले तर नुसत्या नशिबाने होणारं विचलन म(१ − म) ÷ २० चं वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. कौशल्यातला फरक ११ टक्के, नशिबातला फरकही ११ टक्के. याचा अर्थ २० शॉटच्या ट्रायलमध्ये जे दिसतं त्यात अर्धं कौशल्य, अर्धं नशीब. आणि आपल्याकडे ट्रायल २० शॉटचीच असते.

अजून पटत नसेल तर सी मध्ये वीस ओळींचा प्रोग्राम लिहा. ४० मुलं घ्या, सगळी तंतोतंत सारखी, प्रत्येकाची शक्यता ०.६. प्रत्येकाला २० शॉट मारायला लावा. रन करा. ४० मधला सगळ्यात वरचा मुलगा १६ किंवा १७ टाकतो आणि सगळ्यात खालचा ७ च्या आसपास. कौशल्यात फरक काहीच नाही बरं का! पण हेच आकडे नोटीस बोर्डावर लावले तर १७ वाला स्टार होतो आणि ७ वाला पुन्हा कोर्टावर फिरकत नाही. आमच्या कोर्टावर आणखी एक भर पडते, खाडीकडून येणारा वारा. दुपारी तो चांगलाच जोरात असतो आणि खाडीच्या बाजूच्या बास्केटवर मारणाऱ्याला समोरून लागतो. कोणाची ट्रायल कुठल्या बास्केटवर, किती वाजता झाली हे कोणी लिहीतच नव्हतं.

सरासरीकडे ओढायचं हे एकदा मान्य केलं की खरा अवघड प्रश्न पुढे येतो. कोणाच्या सरासरीकडे? मुंबईत नागपाडा म्हणजे बास्केटबॉलचं माहेरघर. नागपाडा नेबरहूड हाऊस, मस्तान वायएमसीए, गल्लीतून मोठी झालेली पोरं. १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. तिकडून आलेला एखादा मुलगा आणि लातूरहून आलेला एखादा मुलगा, दोघांनीही आपल्यासमोर एकही शॉट मारलेला नाही. दोघांनाही ६० टक्केच द्यायचे? गणित म्हणतं, गटाची सरासरी वेगळी असेल तर वेगळी वापरा. पण त्या गटाचे आकडे खरोखर मोजलेले हवेत. नागपाड्याच्या पोरांना शेकडो लोकांनी बघितलेलं असतं. लातूरच्या पोरांबद्दल आपल्याकडे काय आहे? ‘तिकडे कुठे कोर्ट आहेत’ एवढी ऐकीव गोष्ट. ऐकीव गोष्टीला सूत्रात घुसवलं की ती ऐकीव राहत नाही, दशांश चिन्हासकट बाहेर पडते आणि मग तिच्याशी भांडता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: गावावरून सरासरी ठरवू नये. ठरवायचीच असेल तर आठवड्याला किती तास खेळतोस, किती वर्षं खेळलास हे विचारून ठरवावी. ते प्रत्येकाला विचारता येतं.

कबड्डीत हे चांगलं दिसतं. सिद्धार्थ देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला, हुंदळेवाडीचा. २०१८ च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतलं. पहिलाच सीझन, आणि त्यात त्याने २०० च्या वर रेड पॉइंट काढले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. चंदगडचं पाणी एका वर्षात चौपट चांगलं झालं नाही. लोकांना फक्त वीसेक मॅच बघायला मिळाल्या. १ कोटी ८ लाखांच्या त्या फरकात माहितीची किंमत बरीच आहे. आणि त्या मॅच मिळाल्या कारण कोणीतरी त्याला मॅटवर उतरवलं.

आता यादीबद्दल एक-दोन गोष्टी, ज्या लीगमध्ये रोज भांडणं लावतात.

यादीत १, २, ३ असे नंबर सारख्या अंतरावर असतात, पण खेळाडू तसे नसतात. २००३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांत लेब्रॉन जेम्स, कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड होते. दुसऱ्या नंबरला डेट्रॉइटने डार्को मिलिचिच घेतला, जो या चौघांच्या जवळपासही पोचला नाही. (डेट्रॉइट पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, चॅम्पियन झालं. खेळात असंही होतं.) म्हणून मी नंबरांऐवजी पायऱ्या करतो. वरच्या पायरीवर एक किंवा दोन नावं, मग मोकळी जागा, मग चार-पाच, मग मोठा घोळका. एकाच पायरीवरच्या नावांमध्ये भांडत बसण्यात अर्थ नाही. तुमची निवड नववी असेल आणि नवव्यापासून पंधराव्यापर्यंत सगळे एकाच पायरीवर असतील, तर नववी जागा दुसऱ्याला देऊन पंधरावी आणि वर काहीतरी घ्या. आमच्या लीगमध्ये दुसऱ्या मजल्यावरची एक खोली दर वर्षी हेच करते आणि दर वर्षी पहिल्या तिनांत येते. त्यांचं नाव सांगत नाही, डोक्यावर बसतील.

वय बघायला लोक विसरतात. १९ वर्षांचा ४५ आणि २२ वर्षांचा ५० यांत मी डोळे मिटून १९ वाला घेईन, कारण ५ चा फरक तो तीन वर्षांत बहुधा भरून काढतो आणि पुढे जातो. कॉलेजच्या भाषेत सांगायचं तर एफईचा मुलगा चार सीझन देतो आणि बीईचा एक. तोही प्रोजेक्ट सबमिशनमधून वेळ काढून.

आता गरज. दिल्लीने २००८ मध्ये गरज बघितली, हे वर सांगितलंच. १९८४ साली अमेरिकेत पोर्टलंडने अगदी हेच केलं होतं. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर होता, त्याच जागेवर खेळणारा मायकेल जॉर्डन कशाला? उंच सेंटर हवा म्हणून त्यांनी सॅम बोवी घेतला. तिसऱ्या नंबरला शिकागोने जॉर्डन उचलला. या दोन गोष्टी सांगून ‘गरज बघू नका, सर्वांत चांगला असेल तो घ्या’ असं सगळे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. पोर्टलंडची चूक अशासाठी की एनबीएमध्ये खेळाडूंची अदलाबदल करता येते. जास्तीचा गार्ड देऊन सेंटर आणता येतो. बाजार असेल तर आधी माल घ्यावा, गरज नंतर भागवावी. पण कॉलेजच्या टीमला बाजार नाही. आपण आपला सहावा गार्ड शेजारच्या कॉलेजला देऊन त्यांचा सहा फूट तीन इंचाचा सेंटर आणू शकत नाही. (प्रिन्सिपल सरांना विचारून बघायला हरकत नाही.) तिथे गरज बघावीच लागते. तेव्हा कुठला नियम वापरायचा हे ठरवण्याआधी, अदलाबदल करता येते का, हे विचारा.

आणि शेवटच्या जागा. इथे गणित जरा उलटं वळतं. वरच्या निवडींना तुम्हाला भरवसा हवा असतो, म्हणून ७० वाल्यापेक्षा ७५ वाला. तळाच्या निवडींना मात्र सरासरी कितीची हे फारसं महत्त्वाचं नसतं. मुलगा जमला नाही तर नुकसान काय? बेंचवरची एक जागा. जमला तर? २०१४ च्या ड्राफ्टमध्ये निकोला योकिच ४१ वा होता. नंतर २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या नंबरला पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग घेतला, सात फूट दोन इंच उंच, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. तो एनबीएच्या नियमित सीझनची एकही मॅच खेळला नाही. पण म्हणून ती निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. ५२ व्या जागेवर ज्याच्याबद्दल सगळं कळून चुकलंय असा साधारण खेळाडू घेण्यापेक्षा, ज्याच्याबद्दल थोडंच कळलंय असा उंच मुलगा घेणं केव्हाही शहाणपणाचं. जिथे जमिनीवरच बसलोय तिथून पडायची भीती नसते.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगतो. यंदा स्पोर्ट्स कमिटीने आम्हा लीगवाल्यांना सांगितलं की कॉलेजच्या टीमची ट्रायल तुम्ही नोंदवा आणि यादी लावून द्या. टीममध्ये १२ जण. ट्रायलला ४० आले. पहिल्या दहा-अकरा नावांवर फारसा वाद झाला नाही. सूत्राची यादी आणि सीनियरांची यादी जवळपास सारखीच निघाली. अडलं बाराव्या जागेवर.

एका बाजूला माझा रूममेट. टीईला आहे, दोन वर्षं बेंचवर, एकही प्रॅक्टिस चुकवलेली नाही, पाण्याच्या बाटल्यांपासून बॉलमध्ये हवा भरण्यापर्यंत सगळं करतो. त्याचे शॉट आमच्याकडे शंभराच्या वर नोंदलेले. वरच्या उदाहरणातला चौथा मुलगा काल्पनिक आहे, पण रूममेटचा आकडा त्याच्या फार लांब नाही. दुसऱ्या बाजूला एफईचा एक मुलगा, उंच, कॅपच्या शेवटच्या राउंडमध्ये ॲडमिशन मिळालेला. तो होस्टेलवर आला तेव्हा ट्रायल होऊन आठवडा झाला होता. शून्य पैकी शून्य. आजवरच्या रिवाजाप्रमाणे ट्रायल चुकली की वर्ष गेलं. कमिटीत एकाने म्हटलंही, ‘आला नाही म्हणजे इच्छा नाही.’ अरे, तो आला नाही कारण त्या दिवशी तो आपल्या कॉलेजचा विद्यार्थीच नव्हता! शेवटच्या राउंडला येणारी बरीच पोरं लांबची असतात. त्यांना दर वर्षी आपण ट्रायलच्या तारखेने गाळतो आणि त्याला निवड म्हणतो.

मी यादीत त्या मुलाला रूममेटच्या वर ठेवलं. रूममेटसमोर बसून ठेवलं, मागे नाही. त्याचं म्हणणं होतं, ‘मी दोन वर्षं आलो याला तुझ्या सूत्रात काहीच किंमत नाही का रे?’ नाही, सूत्रात नाही. सूत्र फक्त बॉल बास्केटमध्ये जाईल का एवढंच सांगतं. नेमाने येण्याला किंमत द्यायची की नाही हे कमिटीने ठरवायचं, आणि ती द्यायची असेल तर उघडपणे, वेगळ्या रकान्यात द्यायची, असं मी लिहून दिलं. कमिटीने दोन तास चर्चा केली. एफईच्या मुलाला घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्याचे २० शॉट नोंदवले. ११ पडले. (११ + १२) ÷ ४० म्हणजे ५७.५ टक्के. ना स्टार, ना फुसका. एका मुलावरून पद्धत बरोबर ठरत नाही आणि चूकही ठरत नाही, तेव्हा त्यावर कोणी जल्लोष करू नये आणि टोमणेही मारू नयेत. रिबाउंड मात्र तो चांगले घेतो. उंची ही एकच गोष्ट अशी की ती मोजताना नशीब मध्ये येत नाही.

पुढच्या वर्षापासून ट्रायल दोनदा ठेवायचं ठरलं आहे: एक नेहमीच्या तारखेला आणि दुसरी कॅपचा शेवटचा राउंड संपल्यावर येणाऱ्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी वारा पडल्यावर. दोन्ही वेळा प्रत्येकी २० शॉट, दहा एका बास्केटवर, दहा दुसऱ्या. ज्यांना यायचं आहे त्यांनी शूज आणावेत, चपलांवर ट्रायल घेतली जाणार नाही. नोंदवही रूममेटकडे आहे. त्याने त्यात स्वतःहून दोन रकाने वाढवले आहेत. एक वाऱ्याचा, आणि एक प्रॅक्टिसच्या हजेरीचा.